माननीय महोदय, लग्नाला जाण्यासाठी पास मिळावा

नववीच्या वर्गाला ‘मी’ होऊन लिहायला सांगितलं की वहीत काय उतरतं, हे मराठी शिकवणाऱ्या कुणालाही विचारा. पडका किल्ला बोलतो, फाटकं पुस्तक बोलतं, शाळेची घंटा बोलते, आणि सगळे एकाच आवाजात बोलतात. आधी कुणीतरी दचकून इकडेतिकडे बघतं, मग वैभवाचे दिवस येतात, मग हाल, शेवटी अश्रू, आणि आवाज अचानक बंद होतो. मुलांचा यात काही दोष नाही. हा साचा त्यांना आम्हीच दिला, कारण त्याला गुण पडतात.

त्यामुळे इंग्रजांच्या गुन्हेगार जमाती कायद्यावर, म्हणजे काही जमातींना जन्मानेच गुन्हेगार धरणाऱ्या कायद्यावर, मुलांकडून लिहून घ्यायचं ठरवलं तेव्हा फळ्यावर पहिलं वाक्य मी हेच लिहिलं: आत्मवृत्त चालणार नाही. कुंपणातल्या बाईचं मनोगत नको, पारध्याच्या पोराची कैफियत नको, आणि काटेरी तार बोलायला लागली तर वही परत मिळेल. वर्ग हसला. पुढच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, “मग बाई, लिहायचं कोण होऊन?”

कारकून होऊन, म्हटलं. पाटील होऊन, मुकादम होऊन. ज्यांच्या हातात कागद होता ते सगळे होऊन.

मी सोलापुरात मराठी आणि इतिहास शिकवते. शाळा मराठी माध्यमाची, पण घरी तेलुगू, कन्नड, दखनी बोलणारी मुलं वर्गात शेजारी-शेजारी बसतात. बऱ्याच जणांचे आजोबा-पणजोबा गिरणीत होते. या मुलांना चार हुतात्मे पाठ आहेत. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा. १९३० चा मार्शल लॉ, १२ जानेवारी १९३१, येरवड्यात फाशी. झोपेतून उठवून विचारलं तरी सांगतील. याच शहरात, त्याच वर्षांत, कैकाडी, कंजारभाट, टकारी, पारधी अशा समाजांची कुटुंबंच्या कुटुंबं तारेच्या आत ठेवलेली होती आणि त्यांची रोज हजेरी घेतली जायची, हे मात्र वर्गातल्या दोन-तीन जणांनाच ठाऊक होतं, आणि ते दोन-तीन जण गप्प होते. ती तारेतली वसाहत म्हणजे सेटलमेंट; बाकीच्यांसाठी तो फक्त रिक्षावाल्याला सांगायचा पत्ता. ‘सेटलमेंट फ्री कॉलनी’ ही पाटी त्यांनी येता-जाता वाचलेली. चांगल्या वर्तणुकीबद्दल तारेबाहेर राहायची परवानगी मिळालेल्यांच्या त्या वसाहती, आणि तिथेही हजेरी सुटलेली नव्हती, हे मी सांगितल्यावर एकाने विचारलं, “मग बाहेर येऊन उपयोग काय?” मी म्हटलं, हा प्रश्न वहीच्या शेवटच्या पानावर लिहून ठेव.

सुरुवात कायद्यापासून केली. याबद्दल सहकाऱ्यांशी माझं जुळलं नाही. त्यांचं म्हणणं, आधी माणूस दाखवा, मग कलमं. माझा अनुभव असा की माणूस आधी दाखवला की मुलं लगेच दया करायला लागतात, आणि एकदा दया सुरू झाली की त्यांना आणखी काही जाणून घ्यायचं उरत नाही. म्हणून १९२४ च्या कायद्यातल्या निवडक कलमांचा सोप्या मराठीत गोषवारा करून एकेक पान सगळ्यांच्या हातात दिलं. मूळ कायदा १८७१ चा, सुरुवातीला उत्तर हिंदुस्थानापुरता. १९११ च्या कायद्याने तो ब्रिटिश हिंदुस्थानात सगळीकडे लावता येऊ लागला आणि मुंबई इलाख्यात आला. १९२४ मध्ये हे सगळं एकत्र करून नवा कायदा झाला.

पानावर एवढंच होतं. सरकार राजपत्रात एखाद्या जमातीचं नाव जाहीर करेल, आणि त्याविरुद्ध कुठल्याही कोर्टात दाद मागता येणार नाही. जमातीतल्या माणसांची नोंदवही होईल, बोटांचे ठसे घेतले जातील. ठरल्या वेळी हजेरी द्यावी लागेल, राहायची जागा बदलली तर कळवावं लागेल. नेमून दिलेल्या हद्दीबाहेर पासाशिवाय सापडला तर विनावॉरंट अटक. चोरीच्या बेतात असल्यासारखा आढळला तर तीन वर्षांपर्यंत कैद. सहा ते अठरा वर्षांची मुलं आईबापांपासून वेगळी काढता येतील. आणि गावचा पाटील, जागल्या, इतकंच काय जमिनीचा मालकसुद्धा, अशा माणसांच्या हालचालीची वर्दी द्यायला बांधील राहील.

पहिलं लेखन अगदी साधं होतं. काल सकाळपासून रात्रीपर्यंत आपण कुठे कुठे गेलो ते वेळेसकट लिहायचं. मग लाल पेन घेऊन त्याला हे पान लावायचं: कुठे हजेरी बुडाली असती, कुठे पास लागला असता, कुठे पकडलं असतं. आदला दिवस रविवार होता. एक मुलगा मावशीला बघायला अक्कलकोटला जाऊन आला होता. त्याने समासात लिहिलं, “पास घ्यायचा कुणाकडून? तो साहेब रविवारी असतो का? नसला तर शनिवारी घ्यायला पाहिजे. पण शनिवारी मला माहीतच नव्हतं मावशी आजारी आहे.” या चार वाक्यांवर आम्ही निम्मी तासिका बोललो. दुसरा रात्री साडेनऊला मित्रांबरोबर कोपऱ्यावर उभा होता. ‘चोरीच्या बेतात’ या शब्दांखाली त्याने दोन रेघा ओढल्या आणि लिहिलं, “आम्ही क्रिकेटचं बोलत होतो. पण हे पटवून कसं देणार?” एका मुलीला वेगळीच शंका. संक्रांतीला गड्ड्याच्या यात्रेला जायला सगळ्या वसाहतीला एकदम पास मिळत असेल, की निम्म्यांना आज आणि निम्म्यांना उद्या? मग नवरा आज आणि बायको उद्या असं झालं तर?

एकाही वहीत ‘अरेरे’ नव्हतं. मला हवं होतं ते सुरू झालं होतं.

दुसरा टप्पा अर्जाचा. उपयोजित लेखनात औपचारिक पत्र असतं, ते मुलांच्या हातात पुरतं बसलेलं असतं. प्रति, माननीय अमुक, विषय, महोदय, वरील विषयास अनुसरून. मी सांगितलं, वसाहतीत नाव नोंदलेल्या माणसाचा पास मागणारा अर्ज लिहा; कारण तुमचं तुम्ही शोधा. कुणाच्या बहिणीचं लग्न बार्शीला, कुणाच्या आजीचं दिवसकार्य मोहोळला, कुणाला म्हैस विकायची होती, दोघांना आषाढीला पंढरपूर गाठायचं होतं. या साच्याची गंमत अशी की ‘आपला विश्वासू’च्या वर रडायला जागाच नसते. जे सांगायचं ते तारीख, गाव, नातं, किती दिवस, एवढ्यात बसवावं लागतं. एरवी निबंधात पानभर वाहवत जाणारी मुलं इथे एकेका शब्दावर अडून बसली. ‘दोन दिवस’ मागावे की ‘तीन’, यावर एका बाकावर भांडण झालं. तीन मागितले तर संशय येईल, दोन मागितले तर हळद बुडेल.

मग अर्ज मागच्या बाकावर द्यायला सांगितले. आता तुम्ही अधिकारी. मंजूर किंवा नामंजूर, एका ओळीत कारण, खाली सही. वेळ पाच मिनिटं.

जवळजवळ सगळे अर्ज नामंजूर झाले. ज्यांनी स्वतः तळमळून अर्ज लिहिला होता त्यांनीही समोर आलेला दुसऱ्याचा अर्ज बिनदिक्कत फेटाळला. “कारण पटत नाही.” “लग्नपत्रिका जोडलेली नाही.” “गर्दीच्या ठिकाणी सोडणे योग्य नाही,” हे पंढरपूरला निघालेल्याला. “यापूर्वी अर्जदाराच्या भावाने पास घेऊन परत येण्यास उशीर केला होता.” अर्जात भावाचा उल्लेखसुद्धा नव्हता, अधिकारी झालेल्या मुलीने भाऊही निर्माण केला आणि त्याचा उशीरही. एकीने तीन दिवसांऐवजी दीड दिवस मंजूर केला आणि आपण किती दयाळू आहोत हे शेजारणीला सांगत बसली. सह्या मात्र प्रत्येकाने झोकात केल्या होत्या. काहींनी पेनाने गोल शिक्का काढला होता.

त्यानंतर दहा मिनिटं शांत बसून एकाच प्रश्नावर लिहायचं होतं: तुम्ही असं का लिहिलं? हे पान कुणी कुणाचं वाचायचं नाही, फक्त मी वाचणार. नंतर परवानगी मागितली तेव्हा थोड्या जणांनी दिली, त्यांचंच इथे सांगते. एका मुलाने लिहिलं, “मंजूर केला आणि तो पळून गेला तर माझी नोकरी जाईल. नामंजूर केला तर माझं काही जात नाही.” एका मुलीचं वाक्य त्याहून लहान: “मला राग नव्हता, घाई होती.” तिसऱ्याने लिहिलं की स्वतःचा अर्ज परत हातात आला तेव्हा त्याला मागच्या बाकावरच्या मित्राचा संताप आला, आणि मग लक्षात आलं की आपणही दुसऱ्याला तेच दिलंय.

मंजुरी नाकारणारा माणूस क्रूर असण्याची गरज नव्हती, हे मी फळ्यावर लिहून दिलं असतं तर त्याचं एका गुणाचं उत्तर झालं असतं. इथे ते त्यांच्याच अक्षरात, त्यांच्याच सहीनिशी समोर होतं. काही जण अस्वस्थ झाले. मी सारवासारव केली नाही, पण त्या दिवशी घरी जाण्याआधी प्रत्येकाशी दोन शब्द बोलले. असं काही करून घेतलं की पोरांना तसंच रिकाम्या हाताने घंटेबरोबर सोडून देऊ नये.

काही शिक्षक अशा वेळी वर्गात प्रसंग उभा करतात. मुलांना ओळीत उभं करून हजेरी घ्यायची, एकाच्या हातात छडी द्यायची, दोरीचं कुंपण करायचं. मी ते करत नाही आणि कुणी करावं असंही मला वाटत नाही. छडी हातात आलेल्या पोराला मजा येते, हे पहिलं. आणि त्या ओळीत असं एखादं मूल उभं असेल, ज्याचा पणजा खरोखर तसा उभा राहिला होता, तर त्याच्याकडून आपण काय करवून घेतोय? कागदावर थांबता येतं, खोडता येतं, पान फाडून टाकता येतं. लेखनाचा हा फायदा मला फार मोठा वाटतो.

पुढच्या आठवड्यात तो प्रश्न आला. येणारच होता. “बाई, पण त्यातले काही जण चोऱ्या करतच होते ना?”

विचारणारा मुलगा वाईट नाही. त्याने घरी ऐकलेलं वर्गात विचारलं, तेही सभ्यपणे. मी म्हटलं, हो, काही करत असतील. चोर सगळ्याच जातींत होते, तसे याही जातींत. मग फळ्यावर दोनच आकडे लिहिले: १८६० आणि १८७१. चोरी, दरोडा, फसवणूक या सगळ्याला शिक्षा सांगणारी दंडसंहिता १८६० सालीच झाली होती. मग अकरा वर्षांनी हा दुसरा कायदा कुणासाठी? घरून लिहून आणा.

सोबत थोडी माहिती दिली. बंजाऱ्यांचे तांडे बैलांवरून मीठ आणि धान्य वाहायचे. रेल्वे आणि पक्के रस्ते आले तशी ती वाहतूक बुडाली. १८६५ आणि १८७८ च्या जंगल कायद्यांनी रान सरकारी झालं, मग शिकारीवर जगणारा पारधी पोट भरायला गेला की चोरच ठरणार. १८५७ नंतर एका जागी न राहणाऱ्या प्रत्येकाकडे सरकार संशयाने बघू लागलं होतं. आणि कायदा मांडताना जो युक्तिवाद झाला तोही सांगितला: या देशात धंदे जातीने चालतात, विणकराचा मुलगा विणकर, सुताराचा मुलगा सुतार, तेव्हा चोराचा मुलगाही चोरच असणार. तेव्हाचे विधी सदस्य, म्हणजे व्हाइसरॉयच्या मंडळात कायद्याचं काम बघणारे, होते जेम्स फिट्झजेम्स स्टीफन, इंग्लंडातले नामांकित कायदेपंडित. हा युक्तिवाद ऐकून मधल्या रांगेतला एक पद्मशाली मुलगा ताडकन म्हणाला, “बाई, माझे आजोबा मागावर होते, बाबा विमा कंपनीत आहेत. साहेबाच्या हिशेबाने बाबांनी मागच चालवायला पाहिजे.” मागून आवाज आला, “तू पण!”

प्रश्न विचारणाऱ्या मुलाने दुसऱ्या दिवशी तीन ओळी आणल्या. “ज्याने चोरी केली त्याच्यासाठी जुना कायदा पुरत होता. नवीन कायदा ज्याने चोरी केली नाही त्याच्यासाठी केला. म्हणूनच कोर्टात जायची सोय काढून टाकली असेल.” शेवटची ओळ मी त्याला सुचवलेली नव्हती.

मुलांना मग खलनायक हवा झाला. लाल तोंडाचा, बूट आपटणारा. मी त्यांना स्टार्ट साहेबांची ओळख करून दिली आणि सगळ्यांची पंचाईत झाली. स्टार्ट हे मुंबई इलाख्यातल्या या वसाहतींवरचे अधिकारी. वसाहतींत शाळा चालल्या, लोकांना गिरण्यांत काम मिळालं, सोलापूरच्या गिरण्यांनाही माणसं हवीच होती. पुढे १९२८ साली मुंबई सरकारने दलित आणि आदिवासी समाजांच्या स्थितीची पाहणी करायला समिती नेमली, तिचे अध्यक्ष हेच स्टार्ट, आणि त्या समितीत डॉ. बाबासाहेब आंबेडकर सदस्य होते. आता या माणसाला कुठे ठेवायचं? मुलांना राग येईना आणि कौतुकही करवेना. मी त्यांना वसाहतीच्या कचेरीतल्या वार्षिक अहवालाचा एक परिच्छेद लिहायला सांगितला आणि त्याखाली, अहवालात जे नाही ते. एका मुलीचं असं होतं: “यंदा शाळेतील मुलांची उपस्थिती समाधानकारक राहिली.” आणि खाली: “न येण्याची सोय नव्हती.” मी त्या वहीत काहीही शेरा लिहिला नाही. काय लिहिणार?

पाटलाच्या वर्दीचा तास त्यामानाने लवकर उरकला. शहरातल्या मुलांना पाटील म्हणजे आडनाव. फक्त एका मुलाने, ज्याच्या घरी अजून गावाकडे शेती आहे, आजोबांना फोन करून विचारलं आणि असं लिहिलं: “माळावर पालं पडली आहेत. माणसे नऊ, बायका किती ते मोजले नाही. विहिरीवर पाणी मागायला आली. पाणी दिले व वर्दीही दिली.” पाणी दिलं हे आजोबांनी सांगितलं की त्याने स्वतः घातलं, असं मी विचारलं. म्हणाला, “आजोबा दोन्ही म्हणाले.”

एक निवृत्त गिरणी कामगार वर्गात आले. त्यांचा जन्म सेटलमेंटमधला, वय ऐंशीच्या आसपास. मुलांचे प्रश्न त्यांच्याकडे आधी पाठवले होते आणि नको ते खोडायला सांगितलं होतं. त्यांनी दोन खोडले. त्यातला एक होता ‘तुम्हाला कसं वाटलं?’ वर्गात आल्याआल्या म्हणाले, “हे टीव्हीवाले विचारतात.” मग त्यांनी मुलांचे अर्ज मागून घेतले, चष्मा लावून चांगले पाच-सहा वाचले आणि हसायला लागले. अक्षर छान आहे, म्हणाले, पण अर्ज लिहिणार कोण? आमच्यात लिहिता येत होतं कुणाला? बा मुकादमाकडे जायचा, मुकादमाला चहा पाजायचा, दोन दिवस मागे-मागे फिरायचा. कागद वरच्या माणसाकडे जायचा तो मुकादमाच्या तोंडून. मुलांनी विचारलं, तेव्हा लोक दुःखी असायचे का? “भोंगा झाला की मिल. रडत कुठं बसता?” कुस्त्या व्हायच्या, तमाशातली गाणी म्हणायचे, भांडणं व्हायची, लग्नं लागायची. तार तोडायला पंडित नेहरू आले होते, हे वसाहतीत सगळे सांगतात तसं त्यांनीही सांगितलं. आणि त्यांची आई हजेरीच्या वहीवर अंगठा उठवायला जाताना चांगलं लुगडं नेसून जायची, हेही.

ते गेल्यावर एका मुलाने अर्ज टाकून दिला आणि मुकादमाशी झालेलं बोलणं लिहून काढलं, अर्धं सोलापुरीत. वर्षभरातलं त्याचं सगळ्यात चांगलं लेखन ते. चहा कुणी पाजायचा, यावरच त्यात दीड पान गेलं होतं.

तारखा मी शेवटी दिल्या. १९३७ साली मुंबईत काँग्रेसचं मंत्रिमंडळ आल्यावर क. मा. मुन्शी यांच्या अध्यक्षतेखाली या कायद्याच्या चौकशीसाठी समिती बसली. मुंबई प्रांतात कायदा १९४९ मध्ये गेला, देशभरातून ३१ ऑगस्ट १९५२ ला. म्हणून ३१ ऑगस्ट हा विमुक्त दिन. १९५९ मध्ये आपल्याकडे सराईत गुन्हेगारांचा कायदा आला, तो जमातीला नव्हे तर व्यक्तीला लागू होणारा, निदान कागदावर.

पालकांबद्दल सांगितलं पाहिजे. एक वडील शाळेत येऊन म्हणाले, चोरांचा धडा कशाला शिकवता? मी त्यांच्यासमोर त्यांच्या मुलाचा अर्ज ठेवला. त्यांनी तो वाचला, “हे परीक्षेला आहे का?” एवढं विचारलं आणि गेले. तो भाग सोपा होता. अवघड होती ती दुसऱ्या मुलीची आई. दाराशीच उभं राहून हळू आवाजात म्हणाली, “बाई, दाखल्यावर जात आहे ती आहे. वर्गात नका काढू. पोरीला मैत्रिणी झाल्यात आत्ता.” तिला मी काय सांगणार, की हे सगळं तुमच्याच भल्यासाठी चाललंय? असं सांगणारे तिने पुष्कळ ऐकले असतील. मी तिला तीन गोष्टींचा शब्द दिला: वर्गात कुणाला कुठल्या समाजाचा हे विचारलं जाणार नाही, कुठलंही मूल ‘आमच्या घरी काय झालं’ हे सांगायला उभं केलं जाणार नाही, वह्या वर्गाबाहेर जाणार नाहीत. मुख्याध्यापकांना ३१ ऑगस्टला प्रदर्शन हवं होतं, तपासणीही जवळ आली होती. भिंतीवर फक्त कायद्याच्या तारखांचा तक्ता लागला. मुलांचं एकही पान लागलं नाही. यावर स्टाफरूममध्ये थोडी नाराजी झाली, पण माझं मत पक्कं आहे: अशा विषयावरचं मुलांचं लिखाण पाहुण्यांना दाखवायला नसतं. इंटर्नलचे गुण देण्याची सूचनाही मी याच कारणासाठी मानली नाही.

त्या आईची मुलगी काही दिवसांनी स्वतःहून आली आणि एक पान देऊन गेली. नोंदवहीचा नमुना वापरला होता: तारीख, ठिकाण, तपशील, शेरा. तारखा मात्र त्याच महिन्याच्या. तिच्या परवानगीने, ठिकाणं बदलून, त्यातल्या तीन नोंदी देते. “रिक्षा स्टॅंड. रात्री तिकडे येत नाही म्हणाला. शेरा: चालत आलो.” “सोनाराचं दुकान. आईने पैसे बाहेर काढेपर्यंत वस्तू काचेखालीच. शेरा: घेतलं नाही.” “मैत्रिणीच्या घरी. तिच्या आईने कुठे राहतेस विचारलं. शेरा: सात रस्ता सांगितलं.” मी विचारलं, वर्गाला वाचून दाखवू का, नाव न घेता? म्हणाली, “नको बाई. त्यांना कळेल. सात रस्त्याला घर नाही हे दोघींना माहितीय.” पान तिच्याकडेच आहे.

३ ऑक्टोबर २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला, पत्रकार सुकन्या शांता यांच्या याचिकेवर. तुरुंगांच्या नियमावल्यांमध्ये जातीनुसार कामं वाटली जात होती आणि विमुक्त जमातींच्या माणसांना सराईत गुन्हेगार धरलं जात होतं. न्यायालयाने ते घटनाबाह्य ठरवलं आणि कैद्यांच्या नोंदवहीतला जातीचा रकानाही काढायला सांगितला. बातमीचं कात्रण मी वर्गात वाचलं आणि १९२४ चं ते पान पुन्हा काढायला सांगितलं. मुलांनी काही न सांगता दोन्ही शेजारी ठेवून रेघा ओढायला सुरुवात केली. एकाने विचारलं, “रकाना काढला की वहीत ती जागा मोकळी राहते, की सगळे रकाने सरकतात?” चेष्टा करत होता की खरंच विचारत होता, कळलं नाही. मी म्हटलं, नवीन वही छापतात.

या जूनपासून पुन्हा घेणार आहे, काही बदल करून. अर्ज आणि त्याची मंजुरी एका पस्तीस मिनिटांच्या तासिकेत बसत नाही, दोन तासिका जोडून घ्याव्या लागतील. लेखी अर्जाच्या आधी मुकादमाशी तोंडी बोलणं ठेवायचं. १८७१ च्या कायद्याचा दुसरा भाग तृतीयपंथीयांची नोंदवही ठेवण्याचा होता; बायकी कपडे घालून रस्त्यावर दिसलं, नाचलं, तरी शिक्षा. तो नववीत घ्यावा की अकरावीच्या मॅडमना द्यावा, हे ठरायचं आहे. आणि ‘बाहेर येऊन उपयोग काय’ हा प्रश्न शेवटच्या पानावर लिहून ठेवणारा मुलगा आता दहावीत गेलाय. परवा जिन्यात भेटला तेव्हा म्हणाला, “बाई, त्याचं उत्तर राहिलं.” त्याला शनिवारी अर्धी शाळा सुटल्यावर बोलावलंय.